सत्त्याऐंशीवं घर

७ ऑक्टोबर, शुक्रवार

बिस्मिल्लाह. ही वही शाळेची आहे. पहिल्या निम्म्या पानांवर कुणा पोराची भूमिती, बाकीची कोरी. फेकून कशाला द्यायची म्हणून सादातने मला दिली. मी मागच्या बाजूने सुरू करते आहे.

आज गावाच्या आरोग्य समितीने मिठाचं काम माझ्यावर ढकललं. कारण काय, तर झूराकानचं, म्हणजे माझं, अक्षर नीट, मशिदीतल्या धान्याची नोंद तीच ठेवते आणि ती दहावी पास आहे. सादात म्हणाली, "पास काय, वर्गात दुसरी होती." पहिली कोण होती हे सांगायची तिला गरज वाटली नाही. ती शिकून रसायनाची मास्तरीण झाली, मी सासरी आले. पस्तीस वर्षं झाली त्याला. असो.

काम असं: समितीने दिलेल्या पेटीत बोटाएवढी बाटली आहे. चमचाभर मीठ घ्यायचं, त्यावर एक थेंब टाकायचा. निळं झालं तर मिठात आयोडीन आहे. पांढरं राहिलं तर नाही. शंका आली तर आधी दुसऱ्या बाटलीतला थेंब टाकून पुन्हा करायचं. दुकानं तीन, घरं सत्त्याऐंशी. वरच्या कुरणाकडून सुरुवात करून पुलापाशी संपवायचं. पुलापाशी आमचंच घर आहे.

मनात एक टोचतं. मीठ अल्लाने दिलेलं. त्याची परीक्षा आपण घ्यायची? इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, गहू निवडताना खडे काढता ना, तेव्हा देणाऱ्यावर शंका घेता का? बरं वाटलं, पण पुरतं नाही.

सून आज पुन्हा उशिरा उठली. या आठवड्यात चौथ्यांदा. रोज्याच्या दिवसांत पहाटेचा दूध-मिठाचा चहा मी स्वतः केला. गरोदर आहे, रोजे धरत नाही, ते ठीकच. पण उठून चूल तरी पेटवावी.

९ ऑक्टोबर, रविवार

तोक्तोसूनच्या दुकानापासून सुरुवात केली.

"या वहिनी! पोलिसात कधी लागलात?"

"चमचाभर मीठ दे."

"रोजा असताना चाखणार?"

"चाखणार नाही. त्यालाच विचारणार."

पाकिटातलं मीठ थेंबाबरोबर निळं झालं, दौत सांडल्यासारखं. तोक्तोसूनही वाकून बघत राहिला. मग फळीखालचं पोतं उघडायला लावलं. तिथलं बर्फासारखं पांढरंच राहिलं. दोन्ही बाटल्या वापरून झाल्या, तरी पांढरं.

"ते गुरांसाठी आहे," तो म्हणाला.

"मग त्यात पिठाचं माप का खोचलंय?"

"वहिनी, तुम्ही घरात कुठलं वापरता हो?"

मी म्हटलं, आमचं थोरल्या दिरांकडून येतं, खाणीतून. त्याने दोन्ही हात वर केले. "डोंगराचं! मग काय, त्याला कोण बोट लावणार!"

नोंद केली. पाकीट निळं. पोतं पांढरं.

१५ ऑक्टोबर, शनिवार

बावीस घरं झाली. पंधरा पांढरी, सात निळी. पाय भरून आलेत, पण जीव घरी बसवत नाही. अर्धं काम टाकलं की मला जेवणही गोड लागत नाही.

लोकांचं बोलणं काय सांगावं. एका घरात म्हातारा म्हणाला, आता निळा रस्सा प्यायचा का? समजावलं की निळं चमच्यातच होतं, पातेल्यात नाही. वरच्या आळीतली आजी पाकिटाला हात लावायला तयार नाही. म्हणे, त्याने पोरं होत नाहीत, शहरवाल्यांचा डाव आहे.

"आजी, वय काय तुमचं?"

"ब्याऐंशी."

"मग तुम्हाला कसली भीती?"

घरभर हशा झाला. आजीही हसली, आणि पाकीट ठेवून घेतलं.

ज्यांचं पांढरं निघतं त्यांना मी आता थोडं कडक बोलते. पोराबाळांच्या डोक्याचा प्रश्न आहे, समितीच्या बाईने सांगितलं तसं. पोटातल्या बाळापासून सुरू होतो म्हणे.

घरी आले तर थोरल्या दिरांनी यंदाचं मीठ आणून ठेवलं होतं. दोन पोती. गुलाबीसर खडे, मुठीएवढे. ते खाणीवर तीस वर्षं होते, आता उतारवयातही शरद आला की घोड्यावर घालून आणतात. सासूबाई त्या खड्यांवर ओठ टेकवून मगच मडक्यात घालत. मी धुतले, चुलीजवळ वाळत घातले. संध्याकाळी त्याच मिठाच्या चिमटीने रोजा सोडला. मन शांत झालं.

२४ ऑक्टोबर, सोमवार

आज रोट्या जळाल्या. सून बुरुलचा रोट्या भाजता भाजता भिंतीला टेकून झोपली. दुपारच्या वेळी! बारा रोट्यांचं पीठ, चार पार कोळसा झाल्या. मी कोंबड्यांना घातल्या, पण रोटी जळणं चांगलं नाही.

मी बोलले. बोलायला नको होतं तेही बोलले. म्हटलं, मागच्या हिवाळ्यातही अशीच अंथरुणात पडून होतीस.

मागच्या हिवाळ्यात तिचं सातव्या महिन्यात गेलं. मुलगा होता. ते तोंडातून निघालं आणि मला माझंच वाईट वाटलं, पण निघालं ते निघालं.

ती एवढंच म्हणाली, "आई, मला थंडी वाजते हो." चुलीपुढे बसून! अंगात लोकरीचा स्वेटर, पायांत मोजे.

थोरली जाऊ कालियचा आली होती. गळ्याभोवती रुमाल घट्ट गुंडाळूनच असते ती, उन्हाळ्यातही. म्हणाली, "अगं, जाळी काढून बघ ना." हे मला ठाऊक होतं, आमच्या लहानपणीही करायचे. जखमेवर लावायचं तांबडं आयोडीन काडीने हातावर लावायचं, उभ्या आडव्या रेघा, चाळणीसारख्या. सकाळपर्यंत पुसट झाल्या तर अंगाने ते पिऊन घेतलं, म्हणजे कमी आहे. राहिल्या तर कमी नाही.

दुपार कलल्यावर, असराच्या नमाजानंतर बुरुलचाच्या दंडावर जाळी काढली. रेघा ठळक काढल्या, उगाच शंका नको.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

रेघा जशाच्या तशा. खिडकीपाशी नेऊन दोनदा पाहिल्या.

म्हणजे कमी काही नाही. उगाच तालुक्याच्या इस्पितळात हेलपाटे घालायचं मनात आणलं होतं, ते वाचलं. आळस आहे, दुसरं काय. माझा मुलगा मिरलान रशियात बांधकामावर आहे, नवरा जवळ नसला की तरण्या बायकांना असं होतं.

तिला सांगितलं. ती बाही खाली ओढून "बरं आई" म्हणाली.

मुलगी पाहायला गेलो तेव्हा मीच तिला पसंत केलं होतं. चहा ओतताना मान वळवली तर काय भरलेला गोल गळा! जाऊ म्हणाली होती, हीच घे, गळा भरलेला असला की घर भरलेलं राहतं. मीही तेच म्हटलं. आता मान आणखीच भरली आहे. खाणं तर चिमणीचं.

३ नोव्हेंबर, गुरुवार

ईद मुबारक. पहाटेपासून तळण चाललं होतं. सगळं गाव दारोदार फिरलं.

थोरले दीर, जाऊ आणि त्यांचा धाकटा इमानकुल आले. इमानकुल तिशीचा झाला, पण लेकरासारखाच आहे. मेंढ्या बघतो, दोन चार शब्द बोलतो, सगळ्यांकडे बघून हसतो. जाऊ नेहमीसारखं म्हणाली, "माझ्या या पोराने जन्मल्यापासून मला त्रास दिला नाही. रडलाच नाही कधी." सासूबाई त्याला अल्लाचा माणूस म्हणत.

मग सादात आली. चहा घेता घेता तिचं लक्ष बुरुलचाकडेच. अचानक म्हणाली, "पोरी, जरा पाण्याचा घोट घे, मान वर करून."

बुरुलचाने घेतला. सादात तिच्या गळ्याकडे मेंढरं विकत घेणाऱ्यासारखी बघत होती. पाहुण्यांदेखत! मला इतका राग आला.

"सादात, ईद आहे. परीक्षा शाळेत घे."

"घेते. तुझी नोंदवही दे बघू."

वहीवरून तिने बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत. मिटून परत दिली. काही बोलली नाही. बोलली असती तर उत्तर दिलं असतं.

५ नोव्हेंबर, शनिवार

सादात का बोलली नाही?

६ नोव्हेंबर, रविवार

मिरलानचा फोन दुकानातल्या फोनवर आला. बुरुलचाशी बोलायचं म्हणाला. ती दुकानापर्यंत चालत जाऊन धापा टाकत होती, तोवर वेळ संपली. तिचा आवाजही घोगरा झाला आहे. सर्दी असेल.

नमाजात आज दोनदा चुकले. किती सजदे झाले ते आठवेना, पुन्हा केले.

८ नोव्हेंबर, मंगळवार

शाळेत गेले. ठरवून गेले नव्हते, पाय वळले.

सादात एकटीच होती, परीक्षानळ्या धूत. मी म्हटलं, "एका शेजारणीचं विचारायचं आहे."

"कुठल्या?"

"आहे एक. तिने सुनेच्या हातावर जाळी काढली. सकाळी रेघा तशाच होत्या. म्हणजे सुनेला कमी नाही ना?"

सादात हसली नाही, हे तिचे उपकार. कपाटातून तिने तपकिरी बाटली काढली. बूच मेणाने बंद केलेलं, तरी आतून जांभळं झालं होतं. "बघ, बंद बाटलीतही हे स्वस्थ बसत नाही," म्हणाली. आत काळसर करडे, चमकते तुकडे होते, अभ्रकासारखे. एक कण नळीत टाकून तिने स्पिरिटच्या दिव्यावर धरला आणि खिडकी उघडली.

काय रंग तो! कण वितळला नाही, पाणी झालं नाही, नुसता धूर. जांभळा, जड, नळीत हळूहळू चढणारा. आयरिसच्या फुलाचा रंग. "सुबहानल्लाह" माझ्या तोंडून गेलं. मग तिने नळी बाजूला धरली. वरच्या गार काचेवर पुन्हा तेच काळे चमकते कण बसले, दहिवरासारखे.

"एका फ्रेंच माणसाला हे असंच चुकून सापडलं," ती म्हणाली. "बंदुकीच्या दारूसाठी समुद्रातल्या शेवाळाची राख उकळत होता. तेजाब जास्त पडलं आणि हा धूर निघाला. दोनशे वर्षं होत आली. आता तुझ्या शेजारणीचं. हातावरचं आयोडीन असंच हवेत उडून जातं. ऊब असली, रेघ पातळ असली तर लवकर. रेघ जाड असली, वर लोकरीची बाही असली तर उशिरा. आतल्या अंगाला काय हवंय याचा त्याच्याशी काही संबंध नाही. शेजारणीने वाऱ्याची परीक्षा घेतली, सुनेची नाही."

मी नळीवरच्या काळ्या कणांकडे बघत होते.

"कंठाच्या खाली एक ग्रंथी असते, फुलपाखराएवढी. तिला आयोडीन लागतं. किती? जन्मभराचं मिळून चहाचा एक चमचा. पण रोज लागतं. नाही मिळालं की ती ग्रंथी फुगते, जास्त ओढून घ्यायला बघते. माणूस थकतं, गारठतं, झोपत राहतं. आवाज घोगरा होतो. पोटात बाळ असलं तर दोघांचं मागते."

"डोंगराच्या मिठात असेल की. डोंगर म्हणजे काय, स्वच्छ."

"तोच तर घोळ आहे, झूरा. बर्फाने आणि पावसाने आपल्या डोंगरातलं होतं नव्हतं ते केव्हाच धुऊन नेलं. खाणीचं मीठ जुन्या समुद्राचं खरं, पण समुद्र आटला तेव्हा मीठ राहिलं, आयोडीन नाही. पाकिटात ते वरून घालतात. तेही चुलीजवळ उघडं ठेवलं की कमी होत जातं."

मी उठले. दारापाशी तिने हाक मारली.

"शेजारणीला आणखी एक सांग. वहीत शहाऐंशी घरं आहेत. गावात सत्त्याऐंशी."

९ नोव्हेंबर, बुधवार

सगळे बाहेर गेल्यावर हातपाय-तोंड धुऊन वजू केलं. मग मडक्यातलं चमचाभर मीठ घेतलं. थेंब टाकला.

पांढरं.

वाटलं, बाटली जुनी झाली. दुसऱ्या बाटलीचा थेंब, मग पुन्हा. पांढरं. पोत्यातला नवा खडा फोडला, त्याचं केलं. पांढरं. दुकानात जाऊन पाकीट आणलं, त्याच बाटलीचा थेंब त्यावर टाकला. डोळ्यासमोर निळं झालं.

तोक्तोसून म्हणाला होता, "वहिनी, तुम्ही पाकीट? जग बुडालं का?" मी पैसे ठेवले आणि निघाले. घरी येऊन आधी रडले.

नोंदवहीत लिहिलं:

८७. शर्शेन यांचं घर. पांढरं.

नवऱ्याचं नाव मी पस्तीस वर्षांत तोंडाने घेतलं नाही. आज लिहिलं.

संध्याकाळी यांना सांगितलं. हे बराच वेळ जोडे काढत बसले. मग म्हणाले, "उद्याच गाडी ठरवतो."

१४ नोव्हेंबर, सोमवार

गाडी सोमवारीच मिळाली. तालुक्याला जाऊन आलो. डॉक्टरीणबाई तरुण, पण हात शहाणे. बुरुलचाचा गळा मागून दोन्ही हातांनी चाचपला, घोट घ्यायला लावला, अगदी सादातसारखा. म्हणाली, "गलगंड आहे. रक्त शहराला पाठवते. पण रक्त यायच्या आधी मी सांगते, ही आळशी नाहीये."

हे तिने माझ्याकडे बघून का म्हटलं, कुणास ठाऊक. मी तर काही बोलले नव्हते.

बुरुलचा कपडे नीट करत असताना मी हळूच विचारलं, "मागच्या हिवाळ्यातलं... ते यामुळे?"

"आता कुणालाच सांगता येणार नाही, आजी."

नाही म्हणाली असती तर बरं झालं असतं. नाही म्हणाली नाही.

परत येताना गाडीत बुरुलचा खिडकीला टेकून होती. मला वाटलं झोपली. मी म्हटलं, स्वतःशीच म्हटल्यासारखं, "पोरी, मी तुला बोलले ते..." ती डोळे न उघडता म्हणाली, "आई, मला वाटायचं मीच वाईट आहे. सगळ्यांच्या सुना उठतात, मलाच का उठवत नाही."

घाट संपेपर्यंत तिचा हात माझ्या दोन्ही हातांत होता. बर्फासारखा.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

रक्ताचा निकाल नाही. मी दर तासाला दारात. यांनी विचारलं, रस्त्याला काही घातलंय का वाळत?

पुन्हा घरोघर जाते आहे. या वेळी बाटली नेत नाही. जिथे कडक बोलले तिथे सांगते की आमच्याच घरचं पांढरं निघालं. वरच्या आळीतली आजी म्हणाली, "मग ओरडलीस कशाला इतकी?" मी म्हटलं, "दुसऱ्याच्या घरात आवाज चढतो, आजी." ती म्हणाली, "बस, चहा घे. पाकिटाचंच मीठ आहे."

तोक्तोसूनने मात्र सूड उगवला. भरल्या दुकानात ओरडला, "सरका सरका, पांढऱ्या घरच्या वहिनी आल्या!" सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार. पण पोतं त्याने उचलून गोठ्यात नेलं आहे. बघून आले.

२० नोव्हेंबर, रविवार

जे व्हायचं ते झालं. थोरले दीर घोड्यावरून आले, खाली न उतरताच अंगणातून म्हणाले, "माझं मीठ गावभर पांढरं ठरवलंस म्हणे."

"आत या भाऊजी. चहा तयार आहे."

"कुठल्या मिठाचा?"

ते उतरले. उंबऱ्यावरच बसले, आत आले नाहीत. "पस्तीस वर्षं खाल्लंस ते. माझ्या आईने खाल्लं. त्याच मिठावर लग्नं लागली या घरात. आता थेंबभर पाण्याने ते हलकं झालं?"

मला वाटलं होतं मी रडेन. पण शब्द आले. "खाल्लं, भाऊजी. खाल्ल्या मिठाला जागते आहे म्हणूनच लपवत नाही. तुमच्या हाताला खोट नाही, मिठाच्या चवीला खोट नाही. त्यात एक गोष्ट नाही, एवढंच. ती नसली की पोरींचे गळे फुगतात, झोप सुटत नाही, आवाज बसतो. आणि पोटातल्या बाळांना..." पुढचं डॉक्टरीणबाईने सांगितलं होतं तसं सांगितलं. की काही बाळं फार शांत जन्मतात. रडत नाहीत, त्रास देत नाहीत. मोठी झाली तरी बोलायला शिकत नाहीत. म्हणून बाळ फार शांत वाटलं तर लगेच घेऊन या.

बोलता बोलता मी थांबले.

दीर फाटकाकडे बघत होते. तिथे इमानकुल घोड्याचा लगाम धरून उभा होता, घोड्याकडे बघून हसत.

चहा निवला. मग ते उठले. "कालियचा गळ्याचा रुमाल काढत नाही," म्हणाले. "चार वर्षं झाली. मलाही दाखवत नाही." आणि थोड्या वेळाने, "ते पाकीट असेल तर एक दे."

दोन दिली.

२८ नोव्हेंबर, सोमवार

निकाल आला. ग्रंथी फार मंद चालते आहे. रोज पहाटे उपाशीपोटी गोळी, आणि अर्ध्या तासाने खाणं. बाळंतपणापर्यंत आणि नंतरही. डॉक्टरीणबाई म्हणाली, वेळेत आलात म्हणत नाही, पण फार उशीरही झालेला नाही.

हे वाक्य मी किती वेळा उलटसुलट करून पाहिलं. दर वेळी वेगळं निघतं.

पहाटेच्या नमाजाला मी उठतेच. गोळी आणि कोमट पाणी मीच नेऊन देते. मिठाची बरणी आता घट्ट झाकणाची, चुलीपासून दूर. चहात मीठ पातेलं उतरवल्यावर. हे म्हणतात चव बदलली. मी म्हटलं, तुमची जीभ बदलली.

१० जानेवारी, मंगळवार

बुरुलचा आज माझ्याआधी उठली. चुलीत जाळ होता. मी बाहेर उभी राहून ऐकत होते, ती गुणगुणत होती. आवाज अजून जाडसर आहे, पण गुणगुणणं होतं.

बाळ हालतं म्हणाली. हात ठेवू दिला. ठेवला आणि लगेच काढला. नजर लागायला नको, माझीसुद्धा.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

सातवा महिना चालू आहे. लिहिवत नाही.

रोज मोजते. तीन तासांत बाळ हाललं नाही तर विचारते, ती हसते. "आई, तुम्ही त्याला झोपूसुद्धा देत नाही." मी? मी कुणाला झोपू देत नाही? बरोबरच आहे तिचं.

१९ मार्च, रविवार

मागच्या वेळी ज्या दिवसाला बाळ गेलं, तो दिवस मागे पडला. दहा दिवस झाले. आभाराची दोन रकात नमाज पढले. अजून काही म्हणत नाही.

४ मे, गुरुवार

तालुक्याच्या इस्पितळात पहाटे मुलगी झाली. तीन किलो दोनशे. मी दाराबाहेर होते. आत सगळं शांत होतं. तसबीह हातात होती, मणी पुढे सरकत नव्हता. मी म्हणत होते, या अल्ला, रड. रड पोरी. आयुष्यभर रड, मला झोपू देऊ नकोस, पण आता रड.

रडली. काय रडली! नर्स म्हणाली, आजी, तुमची नात सगळ्या वॉर्डाला उठवतेय. मी तिथेच जमिनीवर सजदा केला. लोक वळसा घालून गेले.

११ मे, गुरुवार

रिवाजाप्रमाणे बाळाला खाऱ्या पाण्याने न्हाऊ घातलं. थोरले दीर खड्यातला सगळ्यात नितळ तुकडा स्वतः निवडून, रुमालात बांधून घेऊन आले होते. दारातच अडखळले. "हे चालेल का?" माझ्याकडे न बघता म्हणाले.

"न्हाण त्याचंच, भाऊजी. कातडीला याच्यासारखं दुसरं नाही."

"बाहेरून डोंगराचं, आतून पाकिटाचं," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. जाऊने पाण्यात मीठ विरघळवलं. तिच्या गळ्यात रुमाल नव्हता. सोमवारी ती बुरुलचाच्या डॉक्टरीणबाईकडे जाणार आहे.

चाळीस दिवस झाले की बाळाचंही रक्त तपासायचं आहे. तोवर मला चैन नाही, नंतरही असेल की नाही ठाऊक नाही. सादात म्हणते, इतकी काळजी करशील तर तू पण धूर होऊन जाशील. मी म्हटलं, जांभळा होईन तरी.

इमानकुल बाळाला बघून फार हसला. तिने मुठी आवळून असा टाहो फोडला की तो घाबरून माझ्यामागे लपला. जाऊ कौतुकाने बघत राहिली आणि म्हणाली, "किती गं रडते ही." मग पाठ फिरवून टॉवेल घडी करत बसली. बराच वेळ एकच टॉवेल.

रात्रभर नात रडली, पहाटेही रडली, आत्ता लिहिताना रडते आहे. अल्हमदुलिल्लाह. बुरुलचा पाजून झोपली ती सूर्य डोक्यावर आला तरी उठली नाही. चहा मीच केला. तिच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि कोंबड्यांनासुद्धा गप्प बसा म्हटलं.